शेजारणीचे गुडघे

सगळी गल्ली त्यांना चौकशीबाई म्हणायची. घरोघरी जाऊन कोणाचं काय दुखतं ते विचारायचं, हे त्यांचं काम. त्यावरून दवाखान्यात कुठला डॉक्टर बसवायचा ते वरचे साहेब ठरवणार होते. चौकशीबाईंना हवा होता हाडांचा डॉक्टर, कारण घरी सासूबाई जिना उतरताना रोज कठड्याशी कुस्ती खेळत.

पण गल्ली मोठी वस्ताद. लंगडत येऊन दार उघडायचं आणि वर म्हणायचं, "आम्हाला काय धाड भरलीय?" खुद्द सासूबाईंनीही दम भरला, "माझं नाव घातलंस तर बघ."

चौकशीबाई रडकुंडीला आल्या. शेवटच्या घरी त्यांनी शिंपीणकाकूंना सहज विचारलं, "बरं, शेजारचे कसे आहेत?"

काकूंनी खुर्चीच पुढे ओढली. "बस. वेळ आहे ना तुला?"

मग काय, चौकशीबाई जवळजवळ नाचतच पुन्हा पहिल्या दारापासून निघाल्या. ज्याने त्याने शेजाऱ्याची कंबर, टाच, मान अशी रंगवून सांगितली की अख्खी गल्ली रांगत असावी असं साहेबांना वाटलं. हाडांचा डॉक्टर ताबडतोब मंजूर झाला.

पहिल्याच दिवशी बाकं गच्च भरली. "पेशंट कोण?" डॉक्टरांनी विचारलं, तर प्रत्येकीचं बोट शेजारणीकडे.

"मी आपली हिच्या सोबतीला आलेय," असं म्हणत सासूबाई शिंपीणकाकूंना मागे सारून कण्हत कण्हत तपासायच्या टेबलावर चढल्या. "हिला भीती वाटते हो, डॉक्टर. आधी माझा गुडघा बघा, म्हणजे हिला धीर येईल. हा झाला की तो दुसराही बघा."