फळ्यांमधल्या फटी

आमच्या गोराईच्या खाडीकाठी जे काही बांधलं गेलं, ते माणसानं स्वतः तासून, हातानं मोजून बांधलं. आमच्या पोरानं होडी लावायचा धक्का मागवला तो फोनवरून. टेम्पोतून खोकी उतरली. मापात कापलेल्या फळ्या, निळी प्लॅस्टिकची पिंपं, पिशव्यांत स्क्रू आणि एक चित्रांचा कागद. पिंपांवर लाकडाची चौकट बसवायची, चौकटीवर फळ्या, आणि भरती-ओहोटीला ते सगळं खांबांना धरून वर-खाली होणार. मी पोराला विचारलं, होड्या बांधणाऱ्यांच्या घरात तू खोक्यातली वस्तू आणतोस, शेजारी काय म्हणतील? तो म्हणाला, शेजारी पण मागवतील.

मागवायचं कारण खरं होतं, म्हणून राग जास्त. गेल्या हंगामात माझी बायको ओहोटीच्या चिखलात पाटी घेऊन पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. लग्न झाल्यापासून माझ्या होडीतली मासळी आधी तिच्या हातात जाते. पाटी घेऊन ती फेरीबोटीनं पलीकडे बोरिवलीला जाते, बाजारात बसते. ऑपरेशननंतर पोरानं तिला तिथल्या त्याच्या फ्लॅटवर नेऊन ठेवलं. डॉक्टर म्हणाले होते, पुन्हा पडल्या तर उठणार नाहीत. पोरगा म्हणाला, आईला आता चिखलात पाय ठेवू देणार नाही. तिनं होय म्हणून मान हलवली. पोरगा बोलला त्याचं काही नाही, पण तिनं मान हलवली ते मला लागलं. मग एकदा फोनवर म्हणाली, "कोरड्या पायानं होडीपर्यंत येता येईल असं कायतरी करा, मी येते. नायतर मी इथंच राहते." नारळी पुनवेनंतर होड्या पुन्हा बाहेर पडणार. जे करायचं ते त्याच्या आत.

पोरगा रविवारी येऊन कागद वाचून दाखवणार होता. मी रविवारची वाट बघितली नाही. बापाबरोबर होडी बांधली तेव्हा कुठला कागद होता? चौकट जोडली, पिंपं आवळली, इथवर सगळं सरळ. पुढे एका पिशवीत काळ्या प्लॅस्टिकचे चपटे तुकडे निघाले. वाटलं, टेम्पोत सामान हलू नये म्हणून घातलेला कचरा. चुलीत टाकले. घाण वास सुटला. मग फळीला फळी भिडवत गेलो, होडीला भिडवतात तशी, मधे नख जाणार नाही अशी. शेवटी बघतो तर कडेला एका फळीची जागा मोकळी. कंपनीनं फळी कमी पाठवली होती. पोराला फोन लावला आणि कंपनीच्या सात पिढ्या काढल्या. तो एवढंच म्हणाला, "बाबा, तू कागद बघ ना." मी फोन ठेवला. मागे आमची जुनी होडी मोडून पडली आहे, तिची एक फळी काढून जागा भरली. मग सगळ्या सांध्यांत कापूस ठासला, वरून राळ ओतली. बादलीभर पाणी टाकून बघितलं, खाली थेंब गळला नाही. बघायला आलेले माझ्या वयाचे दोघेतिघे मान डोलवून गेले.

धक्का खाडीत ढकलला. थोड्या भरत्या अंगावर घेतल्या आणि लाकूड फुगलं. होडीचं लाकूड फुगलेलं आम्हाला हवंच असतं, सांधे आवळतात. इथं फळ्यांना फुगायला जागा नव्हती. भाजलेल्या पापडासारख्या उचलल्या गेल्या, स्क्रू उपटून निघाले. लाटांचं, पावसाचं पाणी वर आलं ते उतरेना. साचून राहिलं, त्यावर शेवाळ धरलं.

तेवढ्यात पोरगा तिला घेऊन आला, आईला दाखवायचं म्हणून. मी सांगत होतो, आज नको. तिनं काठी टेकली, एक पाय ठेवला आणि पाय सरकला. पोरानं दंडाला धरलं म्हणून ती वाचली. काठी खाडीत गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खाली फळ्यांकडे बघत राहिली.

"अवो, ही होडी हाय का?" म्हणाली. "होडीत पाणी येऊ नये. हितं आलेलं पाणी गेलं पायजे. माझ्या पाटीला भोकं कशाला असतात?"

मी म्हटलं, फ्लॅटमधे बसून फार शहाणी झालीस. ती फेरीबोटीकडे वळली. पोरगा जाताना हळू आवाजात म्हणाला, बाबा, राहू दे आता, मी एक माणूस बोलावतो. त्या हळू आवाजाचा मला जास्त संताप आला. माणूस आणलास तर त्याला खाडीत घालीन, असं मी अख्ख्या काठाला ऐकू जाईल असं सांगितलं.

घरात आलो, जेवलो नाही. पोराला शिव्या दिल्या, कंपनीला दिल्या, लाकडाला दिल्या. स्वतःला द्यायच्या राहिल्या, त्या फळ्या उपसताना दिल्या. राळ एकदा बसली की सहज निघत नाही. छिन्नी घेऊन सांधा सांधा खरवडला. बोटं सोलली. जो कोणी विचारायला आला, काका काय चाललंय, त्याला वाटेला लावलं.

फळ्या सुकवून पुन्हा बसवायच्या, तर आता मधे काय धरायचं? फटी राखायला दिलेले काळे तुकडे मीच जाळून बसलो होतो. आम्ही जाळं विणतो तेव्हा सगळी घरं सारखी यावीत म्हणून लाकडाची चपटी पट्टी धरतो. माझी पट्टी बापाच्या वेळची, हातानं गुळगुळीत झालेली. ती दोन फळ्यांत उभी धरली, स्क्रू मारला, पट्टी काढली, पुढच्या फळीला लावली. असं करत कडेला पोचलो. कंपनीच्या फळ्यांनी चौकट भरली. जुन्या होडीची फळी उरली.

म्हणजे कंपनीनं बरोबर पाठवल्या होत्या. हे पोराला अजून सांगितलेलं नाही. हे लिहिलेलं वाचेल तेव्हा कळेल त्याला. त्या उरलेल्या फळीवर आडव्या पट्ट्या ठोकल्या आणि ती काठावरून धक्क्यावर उतरायला टाकली. तिच्यावरून पाय सरकत नाही.

पुनवेला नारळ सोडला, होडी बाहेर काढली. परत आलो तेव्हा बायको धक्क्याच्या टोकाला उभी होती. पोरगा मागे हात पुढे करून तयार, ती त्याला धरू देत नव्हती. मी मांदेलीची पाटी वर दिली. तिनं ती कडेवर घेतली. पाटीतलं पाणी फळ्यांवर पडलं आणि फटींतून खाली गेलं. तिनं ते बघितलं. मीही बघितलं. पोरगा फोनवर फोटो काढत होता, कंपनीला पाठवायला म्हणे. मी म्हटलं, त्या कंपनीचं नाव माझ्यासमोर काढू नकोस.

"फोटो मागनं काढ," ती पोराला म्हणाली, मग माझ्याकडे वळली. "आणि उद्या येवढा उशीर नको. बाजार उठून जाईल."

पहिल्याच दिवशी मला बोल लावले. होडी धक्क्याला बांधता बांधता मी पुटपुटत होतो. ती तोवर फळी चढून रस्त्याला लागली होती.