तेजाबाने झाळलेला सांधा

साठनंतरच्या त्या वर्षांत विसरवाडीला हमरस्त्यावर माझं झाळकामाचं दुकान होतं. ट्रकचे रेडिएटर, कंदिलाच्या टाक्या, गळके डबे. तांब्याच्या डोक्याची सळई शेगडीत तापवायची, सांध्याला तेजाब फासायचं, वर कथील सोडायचं, झालं काम. माझा सांधा कधी सुटत नसे आणि त्याचा मला चांगलाच माज होता. पुढे ट्रान्झिस्टर रेडिओ दुरुस्तीला येऊ लागले, तेही मी बिनधास्त उघडू लागलो.

एकदा जवळच्या एका गावातले शाळेचे गुरुजी आले. त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून काडेपेटीहून जरा मोठं यंत्र काढलं. त्याची वायर कानापर्यंत जायची; त्या यंत्रावरच त्यांना ऐकू येई. आत तपकिरी पाटी होती, पाठीवर तांब्याच्या बारीक रेघा, आणि एका रेघेवरची तार निखळलेली. गुरुजी फार मोठ्याने बोलत. हे यंत्र आहे ते शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांना माहीत नाही, म्हणाले. कळलं तर वर्ग जाईल, आणि वर्गाशिवाय आपण कोणत्या कामाचे? जपून करा, असं त्यांनी दोनदा सांगितलं. मी हसलो आणि पाच मिनिटांत तार झाळून दिली. सांधा नव्या भांड्यासारखा चमकत होता.

दोनेक महिन्यांनी, गुरुजींचं यंत्र झाळलं त्याच आठवड्यात दुरुस्त केलेला एक रेडिओ मुका होऊन परत आला. मला दोष सापडेना, म्हणून तो नंदुरबारच्या एका म्हाताऱ्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे नेला. त्याने पाटी उलटी केली. माझा सांधा हिरवागार पडला होता आणि शेजारची रेघ कुरतडल्यासारखी अर्धी नाहीशी झाली होती.

"येले तेजाब लावं ना तू?" तो म्हणाला. "आज सांधा चमकस, दोन महिनामा तांबं खाई टाकस."

मग त्याने मला समोर बसवून सगळं शिकवलं. पाटीला फक्त राळ वापरायची. सळईचं टोक बारीक हवं, आणि ती गालाजवळ नेऊन धग बघायची; गाल मागे घ्यावासा वाटला तर जरा थांबायचं. पाटीवरच्या इवल्याशा ट्रान्झिस्टरच्या पायाला चिमटा धरून ठेवायचा, म्हणजे उष्णता चिमट्यात उतरते, नाहीतर तो आतून जळतो आणि बाहेरून कळतही नाही. मनात दोन मोजून सळई उचलायची. शेवटी स्पिरिटने पुसून घ्यायचं. मी मान डोलावत होतो. गुरुजींच्या खिशातही तेच तेजाब दोन महिने तांबं खात बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बारीक सळई, चिमटा, राळ नि स्पिरिट पिशवीत घालून मी त्यांच्या गावी निघालो. वाटेत सारखं मनात येई, साहेब समोर उभा राहून काही विचारतोय आणि गुरुजी नुसते बघतायत. शाळेच्या दारातून मी तीन हाका मारल्या. त्यांनी वळून पाहिलं नाही. पुढ्यात जाऊन उभा राहिलो तेव्हा दिसलो त्यांना.

मी खुणेने यंत्राचं विचारलं. ते म्हणाले, यंत्र ठीक आहे, सेलही नवे घातले, कानच गेले. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, हळूहळू कमी होत जाईल म्हणून. मी हात पुढे केला. यंत्र तेवढं मागून घेतलं.

शेजारच्या घरातल्या चुलीत सळई तापत ठेवली आणि झाकण काढलं. आत हिरवंच होतं सगळं. ते खरवडलं, स्पिरिटने धुतलं, तुटलेल्या रेघेवर केसाएवढी तार आडवी ठेवली. कोपर जमिनीला टेकवलं. ट्रान्झिस्टर जळला असता तर दुसरा आणायचा कुठून? सळई गालाजवळ नेली, थांबलो, पुन्हा नेली. चिमटा धरला, टेकवली, दोन मोजले, उचलली.

गुरुजींनी वायर कानात घातली. वर्गात पाढे चालले होते. ते दाराकडे तोंड करून कितीतरी वेळ ऐकत राहिले. मी सगळं सांगून टाकलं: तेजाब, माझा माज, माझी चूक, तुमचे कान होते तसेच आहेत. त्यांनी शिव्या द्याव्यात असं मला फार वाटत होतं.

"यंत्रच कमी पडत होतं म्हणता?" त्यांनी विचारलं. आवाज एकदम खाली आला होता.

मी हो म्हणालो.

"डोंगरातल्या पाड्यावरून एक मुलगी यायची. तिकडून शाळेत आलेली पहिलीच. तोंडातल्या तोंडात वाचते म्हणून मी तिला रोज मारायचो. महिना झाला, येत नाही."

मी सळई पिशवीत घालू लागलो.

"म्हणजे ती नीट वाचत होती," गुरुजी म्हणाले.