रांगेतली चौदा नंबर

आमचे भावोजी सहा फूट दोन इंच, त्यामुळे ड्रायव्हर लोकांत त्यांचं नाव 'उंट'. ताईचं लग्न ठरलं तेव्हा मी विचारलं होतं, "गाडीत मावता तरी का हो?" ते गंभीरपणे म्हणाले, "गुडघे बाहेर ठेवतो."

बावीस वर्षं त्यांनी लांब पल्ल्याचा ट्रक चालवला. महिन्यातले सहा-सात दिवस घरी. एकदा असेच आले आणि बाथरूमच्या दिव्यासाठी भिंत चाचपत उभे राहिले. ते बटण ताईने आठ महिन्यांपूर्वीच दाराच्या दुसऱ्या बाजूला बसवून घेतलं होतं. तेव्हा त्यांनी हसण्यावारी नेलं, पण दुसऱ्या दिवशी ताईला म्हणाले, "आता कंटेनरचं काम बघतो. रेल्वेने कंटेनर येतात, यार्डातून उचलायचे, गोदामात पोचवायचे. संध्याकाळी घरी."

दोन कंपन्यांनी बोलावलं. पहिली मोठी. काचेचं ऑफिस, नवेकोरे ट्रक, आणि ड्रायव्हरच्या तोंडावर रोखलेला कॅमेरा. डोळे जरा जास्त वेळ मिटले की गाडीत भोंगा किंचाळतो. भावोजींना त्यात वावगं वाटलं नाही. दुसरी लहान, यार्डाच्या मागच्या अंगाला. पंधरा-सोळा जुन्या पण निगा राखलेल्या गाड्या, आणि हळू आवाजात बोलणारे एक म्हातारे मॅनेजर. सगळे त्यांना काका म्हणत.

"आमच्याकडून सहसा कोणी सोडून जात नाही," काका चहा पुढे करत म्हणाले. "एक खेप मारून बघा, मग ठरवा." त्यांनी चौदा नंबरची किल्ली दिली. "सात महिने उभी आहे. कालच बॅटरी बदलली."

परक्या गाडीत बसलं की भावोजींचं पहिलं काम म्हणजे सीट पार मागे ढकलणं. त्या दिवशी हात खाली घातला, तर सीट आधीच पार मागे होती. आरसेही नेमके त्यांच्या नजरेत बसलेले. आधीचा ड्रायव्हरही असाच ताडमाड असणार, असं म्हणून त्यांनी गाडी काढली.

यार्डाच्या गेटवर भर दुपारचं पांढरं ऊन. गेटवाल्याने नंबर पाहिला आणि पेन हातात धरून थांबला.

"चौदा नंबर. पुन्हा?"

"पुन्हा कुठे? मी आत्ताच येतोय."

त्याने रजिस्टर फिरवून दाखवलं. चौदा नंबर, आत, अकरा वीस. बाहेर पडल्याचा रकाना कोरा. घड्याळात बारा दहा झाले होते.

"माझ्या हिशेबाने तुम्ही आतच आहात," गेटवाला म्हणाला. चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नाही. मग त्याने नवीन ओळ लिहिली आणि दांडा वर केला.

अकरा वीसला भावोजी काकांच्या ऑफिसात चहा पीत होते, आणि खिडकीतून चौदा नंबर समोर उभी दिसत होती. लिहिणाऱ्याची चूक, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

आत क्रेनखाली दहा-अकरा गाड्यांची रांग होती. पुढची गाडी सरकली तेव्हा भावोजी खेपेचा कागद वाचत होते. डोकं वर केलं तर आरशात मागचा ड्रायव्हर उडी मारून उतरताना दिसला. तो धावत आला आणि काचेवर टकटक करायला लागला. काच खाली घेतली. तो धापा टाकत भावोजींच्या तोंडाकडे बघतच राहिला.

"काय झालं?"

"काही नाही. हलला नाहीत म्हणून."

"अहो, अर्धा मिनिट झालं असेल!"

"हो. आता आम्ही तेवढंच थांबतो."

मग त्यानेच सांगितलं. सात महिन्यांपूर्वी याच गाडीचा ड्रायव्हर याच रांगेत उभा होता. रांग सरकली, तो सरकला नाही. "वीस मिनिटं आम्ही हॉर्न वाजवत होतो. आईबहिणीवरून शिव्या घातल्या. गेला होता तो केव्हाच. मी त्याच्या मागेच होतो. सगळ्यात जास्त हॉर्न माझा."

खेप पुरी करून भावोजींनी किल्ली टेबलावर ठेवली. काकांनी वर न बघता विचारलं, "गेटवाल्याने काही दाखवलं का?"

"दाखवलं."

"मला वाटलं होतं, आता ते थांबलं असेल."

"तुमचा तो ड्रायव्हर माझ्याएवढा उंच होता का हो?"

"छे! बुटका होता. सीट पार पुढे ओढून वर पाठीशी उशी घ्यायचा, तेव्हा कुठे पाय पोचायचे." काकांनी आता वर पाहिलं. "का?"

भावोजींनी सीटचं सांगितलं नाही. आम्हाला मात्र घरी सांगितलं, आणि ताईने हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"मोठ्या कंपनीत जायचं. विषय संपला."

"भुताचं राहू दे गं," भावोजी म्हणाले. "बावीस वर्षं कुठे कुठे गाडी लावून, पडदा ओढून झोपलो. गेलो असतो तर दोन दिवस कुणाला पत्ता नसता. इथे अर्ध्या मिनिटात माणूस धावत आला."

"मग तिथे कॅमेरा आहे की!"

"कॅमेरा किंचाळेल. उतरणार कोण?"

ताईने लाटणं पुन्हा उचललं. तिने एकच अट घातली, चौदा नंबर सोडून कुठलीही गाडी. काकांनी सात नंबर दिली आणि चौदा नंबर भंगारात काढली. गाडी कापून तिचे तुकडे झाल्यावरही गेटच्या रजिस्टरमध्ये तिची नोंद आणखी नऊ दिवस होत होती. भावोजींनी ती रोज पाहिली. दहाव्या दिवशी नव्हती.

चार वर्षांनी त्याच रांगेत मोठ्या कंपनीचा एक ट्रक जागचा हलला नाही. आत भोंगा किंचाळत होता. भावोजी मागेच होते. उतरले, धावले, लोखंडी पान्याने काच फोडली. ड्रायव्हर घामाने निथळत स्टिअरिंगवर पडला होता. हार्ट अटॅक. माणूस वाचला.

त्याला बघायला हॉस्पिटलात मी आणि भावोजी गेलो. तो पुटपुटला, "फार उशीर लावलात हो. वीस मिनिटं नुसते हॉर्न ऐकत होतो."

भावोजींनी त्याचा हात थोपटला. लिफ्टमध्ये मला म्हणाले, "मिनिटसुद्धा झालं नव्हतं. आणि त्या रांगेत आता हॉर्न कोणीच वाजवत नाही."

मी ते ताईला अजून सांगितलेलं नाही. भावोजी त्याच कंपनीत आहेत, निवृत्तीला दीड वर्ष उरलंय. सहाला घरी येतात, हातपाय धुऊन भाजी चिरायला बसतात. ताईच्या मते फार जाड चिरतात.