रशीद मास्तरची बाटली

रशीद गेल्याचं पौडच्या एसटीच्या कंडक्टरनं घरी येऊन सांगितलं, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की सुटलो, आता हा माणूस मला कुठं चल म्हणणार नाही! लाज वाटली... पण खरं ते खरं.

पौडच्या शाळेत आम्ही दोघं मास्तर होतो. सुट्टीला लोक सिंहगडावर जायचे; हा मला मुळशीतल्या असल्या वाड्यांवर न्यायचा, की तिथल्या माणसांनाच प्रश्न पडावा, हे कशाला आले? बांधावर, गोठ्याआड पडलेले वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्यांचे कोरीव दगड, शोधायचं त्याला वेड. दगड सापडला की आमचं पिण्याचं पाणी त्यावर ओतायचा, कोरीव काम उठून दिसावं म्हणून. भर उन्हात माझा घसा कोरडा, आणि दगडाला आंघोळ!

एका वाडीत असल्या दगडावर म्हातारी धुणं आपटत होती. रशीदनं तिला समजावलं, "मावशी, गावासाठी जीव दिलेला माणूस आहे हा." महिन्यानं गेलो, तर दगडावर बोटभर शेंदूर! घोडा दिसेना, की ढाल.

"अहो, हे काय केलंत?"

"तुमीच म्हनला न्हवं, मास्तर, गावासाठी मेला? मंग द्येवच की! लई नारळ फुटत्यात आता हितं."

हा बाटलीतलं सगळं पाणी ओतून बोटानं शेंदूर खरवडायला बसला. "ऱ्हाऊ द्या, द्येव कोपंल," म्हातारी कळवळली, तेव्हा उठला. तोवर एकुलती एक गाडी गेलेली. पौडपर्यंत तहानेनं व्याकूळ होऊन चाललो. मी रिकामी बाटली त्याच्या हातातून हिसकावली आणि बजावलं, "पुन्हा तुझ्याबरोबर येणार नाही."

आणि गेलो नाही. माझी पुण्याला बदली झाली. त्याची कार्डं यायची, "नवा दगड सापडलाय. कुठं, ते आलास की सांगतो. बाटली आण." शेवटच्या कार्डात होतं, "गुडघे गेलेत, पण तू आलास तर निघेन." मी वैतागून उत्तर टाकलं, परीक्षा होऊ देत. परीक्षा झाल्या, आणि कंडक्टर आला.

काल माळ्यावरून बाटली काढली. झाकणावर त्याच्या अंगठ्याचा शेंदरी ठसा अजून आहे. "चिंचेनं निघेल," बायको म्हणाली. मी तिच्यावर खेकसलो.

बाटली भरून ठेवलीय. पण जायचं कुठं, ते लेकाच्यानं लिहिलंच नाही.