दोन बोटं

आमच्या शेजारचे म्हातारबा एके काळी फुटबॉल खेळायचे. आपला पायाने खेळायचा तो नव्हे, अमेरिकेतला. बॉल काखोटीला मारून एकमेकांच्या अंगावर धावून जायचा. इथे अमेरिकेत, कॅरी गावात आम्ही घर घेतलं तेव्हापासून ते शेजारी. दारातून वाकून आत यावं लागेल एवढी उंची, मोडून वाकडी जुळलेली बोटं आणि मला हाक मारायची ती ‘डॉक’. मी डॉक्टर, आता रिटायर झालेली, आणि मला त्या खेळाचा मनस्वी राग. जन्मभर लोकांची डोकी सांभाळायची आणि रविवारी ही डोकी आपटणारी मंडळी बघायची? पण आमचे हे त्या खेळापायी वेडे. त्यामुळे सीझन सुरू झाला की दर रविवारी दुपारी म्हातारबा आणि त्यांची बायको आमच्याकडे, आणि मी कुरकुरत बटाटेवडे तळायला उभी. हिरव्या चटणीशिवाय म्हातारबा वड्याला हात लावत नसत.

मॅचपेक्षा मला त्यांच्या गोष्टी आवडायच्या. त्यांचे वडीलही खेळाडू. आठवडाभर पोलादाच्या कारखान्यात राबायचे आणि सुट्टीच्या दिवशी चामड्याची टोपी घालून मैदानात उतरायचे. ती टोपी म्हातारबांनी जपून ठेवली आहे. तिच्यापेक्षा आपली माकडटोपी बरी, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. ते स्वतः खेळायला लागले तोवर प्लॅस्टिकचं हेल्मेट आलं होतं, तोंडासमोर एक दांडी, बस्स. सीझन संपला की तेही वीटभट्टीवर कामाला जायचे. नुसत्या खेळावर घर चालत नसे तेव्हा.

एकदा त्यांनी बोटांची गोष्ट सांगितली. डोक्याला मार बसून कुणी भेलकांडत बाहेर आला, की ट्रेनर त्याच्या नाकाशी शुद्धीवर आणायला अमोनिया धरायचा आणि बोटं दाखवून विचारायचा, किती? दाखवायचा नेहमी दोनच. हे पोरांनाही ठाऊक आणि ट्रेनरलाही. समोर धुकं दिसो नाहीतर अंधार, ‘दोन’ म्हणायचं आणि पळत सुटायचं.

“कारण तू एकदा बाकावर बसलास की तुझ्या जागी दुसरा जातो,” ते म्हणाले, “आणि तो काही ती जागा परत देत नाही.”

आमचे हे खो खो हसले. माझं डोकं फिरलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ती डोक्याच्या बाबतीत?

तो रविवार पानगळीतला होता. म्हातारबा आले ते बायकोच्या खांद्यावर हात ठेवून. मी विचारलं, काय झालं? “काही नाही, म्हातारपण,” ते म्हणाले. बायको माझ्याकडे बघेना. एरवी येता येता पर्स ठेवून थेट किचनमध्ये शिरणारी बाई, त्या दिवशी नवऱ्याला चिकटून सोफ्यावर बसली. माझ्या मनात पाल चुकचुकली.

मॅच सुरू झाली. मी वडे आणून ठेवले. म्हातारबांनी उजव्या हाताने वडा उचलला, तो घरंगळून मांडीवर पडला. त्यांनी डाव्या हाताने दुसरा घेतला आणि चटणीशिवाय खाल्ला. चटणीशिवाय! मग त्यांनी स्कोअर विचारला. ह्यांनी सांगितला. जरा वेळाने पुन्हा तोच प्रश्न. ह्यांनी पुन्हा सांगितला, टीव्हीवरची नजर न काढता.

“टीव्ही बंद करा,” मी म्हटलं.

“अगं, थांब ना जरा! एवढी रंगात आलीय मॅच.”

“बंद करा म्हणते ना!”

मी म्हातारबांसमोर स्टूल ओढून बसले. त्यांना हार्टसाठी रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या, हे मला माहीत होतं. अशा माणसाला डोक्याला मार लागला तर आत रक्त साचत जातं आणि वेळ हातात राहत नाही. मी विचारलं, कुठे पडलात का? नाही. डोकं दुखतंय? नाही. मी हात वर केला. “किती बोटं?”

“दोन,” ते म्हणाले. लख्ख, खणखणीत.

“बघ, उगाच घाबरवतेस सगळ्यांना,” हे म्हणाले आणि रिमोट उचलला. म्हातारबा हसले. तोंडाची एकच बाजू हसली. मी माझ्या हाताकडे बघितलं. मीही दोनच बोटं दाखवली होती.

मी पुन्हा हात वर केला, चार बोटं. “आता?”

“दोन.”

एक बोट. “आता?”

“दोन, डॉक. दोन.” त्यांनी माझं मनगट धरलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, “कोचला सांगू नकोस.”

ह्यांच्या हातातला रिमोट तसाच राहिला. तेवढ्यात म्हातारबांच्या बायकोला हुंदका फुटला. “सकाळी शिडीवरून पडला. छपराच्या पन्हळीतली पानं काढत होता. मला शपथ घातली होती गं. मुलगी म्हणालीय, आता एकदा जरी पडलात तरी घर विकायचं आणि तुम्हाला वृद्धाश्रमात ठेवायचं.”

मला एवढा राग आला! तिचा, त्यांचा, त्या कुठल्या तरी मेलेल्या ट्रेनरचा. “अहो बाई, घर जाईल म्हणून माणूस घालवताय?” मी ओरडले ते मराठीत. तिला शब्द कळला नाही, पण ती जे समजायचं ते समजली. हे तोवर 911 ला फोन लावत होते. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मी म्हातारबांना बोलतं ठेवत होते, आणि त्यांचे शब्द एकेक करून कमी होत होते. शेवटी ते नुसते माझ्या हाताकडे बघत राहिले.

त्याच संध्याकाळी डोक्याचं ऑपरेशन झालं. वाचतील की नाही, कुणी सांगेना. मी किचनमध्ये गार झालेले वडे समोर घेऊन बसून राहिले. हे बाजूला येऊन बसले. मॅच कोण जिंकलं, ते आम्ही बघितलंच नाही.

म्हातारबा वाचले. चार शब्द बोलायला लागले तेव्हा मी भेटायला गेले. मुलगी विमानाने येऊन हजर झाली होती, पलंगाच्या पायथ्याशी हाताची घडी घालून उभी. बायको खुर्चीत. मी बोलायला विषय शोधत होते, तर त्यांनीच डाव्या हाताने खूण केली. बोटं दाखव.

मी तीन दाखवली.

ते बघत राहिले. मग त्यांनी मुलीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, पुन्हा माझ्या हाताकडे. आता ‘दोन’ सोडून खरं बोललं की खेळ संपला, घर गेलं, आणि मुलगी त्यासाठीच उभी आहे, हे त्यांना पुरतं कळत होतं.

“तीन,” ते म्हणाले. आणि जरा दम घेऊन, “म्हणजे आता मला बाकावर बसवणार ना, डॉक?”

आजवर किती पेशंटना वाईट बातम्या दिल्या, पण ही सगळ्यांत जड गेली.

“हो,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि ती वाकडी बोटं माझ्या हातावर ठेवली.