मांगुरांची सुईण

बाळंतपणाच्या वॉर्डात एकतीस वर्षं काढून सिस्टर निवृत्त झाल्या. पहिला आठवडाभर त्या सकाळी सहाला तयार होऊन बसायच्या आणि मग आठवायचं, आता जायचं कुठेच नाही. शेवटी कंटाळून त्या धाकट्या भावाच्या शेडवर जाऊ लागल्या.

भाऊ मांगूर पाळायचा. मिशाळ, चिवट मासा. चिखलातही जगेल, पण टाकीत डांबला की अंडी घालायचं नाव घेत नाही. मग मादीला संप्रेरकाचं इंजेक्शन द्यायचं, काही तासांनी पोट दाबून अंडी काढायची आणि त्यात नराचं बीज मिसळायचं. भावाने हे तीनदा केलं होतं आणि तिन्ही वेळा अंडी पांढरी पडून कुजली होती. पिल्लं लांबून पिशव्यांत भरून आणावी लागत आणि निम्मी वाटेतच मरत.

"ताई, तू यात पडू नकोस. ही माणसं नाहीत," भाऊ म्हणाला.

"सुई तर तीच ना? एकदा माझ्यासमोर करून दाखव."

त्याने दाखवलं. लहानमोठ्या सगळ्या माद्यांना सारखंच औषध टोचलं, आणि औषधाच्या कागदावर बारा तास लिहिलेत म्हणून बरोबर बारा तासांनी पोटं पिळली. रक्ताळलेली थोडीशी अंडी ओल्या परातीत पडली. सिस्टरांनी औषधाचा कागद पिशवीत टाकला. घरी जाऊन त्यांनी तो कागद चष्मा लावून शेवटच्या बारीक ओळीपर्यंत वाचला.

पुढच्या खेपेला त्या वजनकाटा, तापमापक आणि कोरड्या पंच्यांची चळत घेऊनच आल्या. कागदावरचे बारा तास कोमट पाण्यासाठी होते. शेडमधलं पाणी चांगलंच गार निघालं. संध्याकाळी पाच वाजता प्रत्येक मादीचं वजन करून त्यांनी त्या हिशेबाने डोस भरला आणि पाठीत, परापासून जरा बाजूला, सुई तिरकी घातली. एकीने शेपटीचा असा फटका दिला की भावजय ओरडलीच.

"वॉर्डात याहून जोरात लाथा खाल्ल्यात मी," सिस्टर म्हणाल्या.

सकाळी साडेपाचला भावाचा फोन. "ताई, बारा तास उलटून गेले!"

"घड्याळ बघून कुणी बाळंत होतं का रे? स्वस्थ बस."

नऊला शेडवर येऊन त्यांनी एका मादीच्या पोटावरून अलगद अंगठा फिरवला. काही नाही. मादी परत टाकीत. भावाने कपाळावर हात मारला. "गेली हीही खेप!"

"नाही गेली. अजून थांब."

साडेदहाला त्यांनी मासा पुसला, भांडं पुसलं, स्वतःचे हात पुसले. "अंड्याला आधी पाणी लागलं की त्याचं दार मिटतं, मग बीज आत जात नाही," त्या म्हणाल्या. अंगठा टेकवला मात्र, मोहरीएवढ्या अंड्यांची धार लागली.

नराचं बीज मात्र त्याला मारूनच काढावं लागतं. सिस्टरांनी सुरी भावाच्या हातात दिली आणि भिंतीकडे तोंड केलं. "आजवर जीव आणायचंच काम केलंय मी. हे तू कर." त्याने केलं. मग त्यांनी पिसाने अंडी आणि बीज हळुवार कालवलं, वर पाणी घातलं आणि वाहत्या पाण्यातल्या जाळीवर अंडी पसरली. संध्याकाळपर्यंत पांढरं पडलेलं एकेक अंडं त्या ड्रॉपरने उचलत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भावजय जाळीवर वाकली आणि किंचाळली, "ताई, शेपट्या! अहो, शेपट्या हलतायत!"

सगळी जाळी वळवळत होती. एरवी बोलून बोलून डोकं खाणारा भाऊ खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड पुसू लागला. दहा दिवसांनी पिल्लं मोजली, ती बावीस हजार भरली.

"वॉर्डात एका दिवसात चौदा झाली तरी आमची तारांबळ उडायची," सिस्टर हसत म्हणाल्या.

आसपासचे मत्स्यपालक पिल्लं न्यायला आले आणि पाठोपाठ शिकायलाही. गेल्या वर्षी मत्स्यमहाविद्यालयातून बोलावणं आलं. पाणी किती गार असेल तर किती तास थांबायचं, याचा तक्ता प्राध्यापकांनी मागितला. सिस्टरांनी तो दिला, आणि मागे उभ्या असलेल्या एका लाजाळू मुलीला पुढे ओढून तिचा कोरडा हात मादीच्या पोटावर ठेवला.

"दाबू नकोस. मऊ लागतंय? आता अंगठा खाली सरकव."

भांड्यात अंड्यांची धार पडली. मुलगी "अगं आई गं!" म्हणाली आणि सगळ्या वर्गाने टाळ्यांनी हॉल डोक्यावर घेतला.