अर्ध्या सुटलेल्या वेण्या

"कापून टाका सगळे," खुर्चीत बसता बसताच अनघा म्हणाली. डोक्यावरची टोपी काढायला मात्र तयार होईना.

शनिवार होता. दिल्लीत, मयूर विहारच्या सलूनमध्ये मी सकाळपासून उभी होते आणि पाय भरून आले होते. टोपी मीच हळूच काढली. आत ब्रेड्स होते. म्हणजे डोक्यावर लहान चौकोन पाडून घातलेल्या बारीक वेण्या. जाडी यावी म्हणून त्यात खोटे केस गुंफतात, त्यांना एक्स्टेन्शन म्हणतात. कपाळाजवळची एक वेणी तिने ऑफिसच्या वॉशरूममध्ये स्वतःच कापली होती. खोट्या केसांबरोबर तिचेही गेले होते.

मी मराठी आहे म्हटल्यावर ती थोडी सैल झाली. मानेसरला गाड्यांच्या पार्ट्सच्या कंपनीत नोकरी. घरी आई, पॅरालिसिसचा झटका आलेली. रोज विंचरण्यात वेळ जायला नको म्हणून वेण्या घातल्या. दीड-दोन महिन्यांत सोडवायच्या असतात, तिच्या तशाच राहिल्या. मुळाशी धूळ आणि तेल बसून घट्ट गाठी झाल्या होत्या. त्यात आदल्या दिवशी तिने केस धुतले. गुंता सोडवण्याआधी पाणी लागलं की तो आणखी आवळतो.

आमच्या मॅडम मागून बघून गेल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आज रश है. गर्दन तक बॉब कर दे, वो भी यही चाह रही है."

तिला ते नको होतं, ती फक्त दमली होती. मी मॅडमना तेवढंच सांगितलं आणि कामाला लागले.

आधी तिचे केस कुठे संपतात ते बोटांनी चाचपायचं. त्याच्या बरंच खाली वेणी कापायची, मग टोकाकडून उकलत वर जायचं. मुळाशी आलं की कंडिशनर लावून गाठ भिजू द्यायची आणि बोटांनी सैल करायची. अगदीच अडलं तर कंगव्याची दांडी. ओढायचं नाही.

पहिल्याच काही वेण्यांतून केसांचा पुंजका हातात आला. ती पांढरी पडली. मी तिला एक केस उजेडात धरून दाखवला. मुळाकडच्या टोकाला बारीक पांढरा ठिपका होता. म्हणजे तुटलेला नाही, आपोआप गळालेला. रोज गळतात तेच वेणीत अडकून राहतात. तिने दुसरा घेतला, तिसरा घेतला. मग पुन्हा खुर्चीत नीट टेकून बसली.

अर्धं डोकं झालं आणि ती उठली. आईजवळच्या बाईची जायची वेळ झाली होती. मॅडमचा चेहरा बघण्यासारखा होता. मी उरलेल्या वेण्या सैल बांधल्या, पाणी लावू नका म्हटलं आणि पत्ता घेतला.

सोमवारी माझी सुट्टी. कपडे धुवायचे सोडून मी तिच्या घरी गेले. तिनेही रजा टाकली होती. आईंना उशीला टेकवून बसवलं होतं. अनघा पलंगाला पाठ लावून खाली बसली, मी तिच्या बाजूला. थोड्या वेळाने आईंनी बरा असलेला हात पुढे केला. अनघा म्हणाली, "आई, राहू दे, दमशील."

"दे इकडे," आई म्हणाल्या. शब्द जड होते, पण कळले.

मी खालून सैल केलेली एक वेणी त्यांच्या हातात दिली. माझ्या पाच झाल्या तरी त्यांची तीच चालू होती. अनघा मान न हलवता बसून राहिली. तिचे खांदे हलत होते. मी पुढची वेणी घेतली.

संध्याकाळपर्यंत सगळं सुटलं. मग केस धुतले, टोकं छाटली. खांद्याच्या खाली केस राहिले. कपाळाजवळ मात्र विरळ पट्टा दिसत होता. तिथली एक वेणी तिने कापली होतीच, शिवाय बाकीच्याही फार ताणून घातल्या होत्या. तिथे केस येतील, पण वेळ लागेल, हे मी स्पष्ट सांगितलं. काही महिने घट्ट काही बांधायचं नाही, हेही.

मंगळवारी मॅडमनी विचारलं, शेवटी बॉबच केला ना. मी नाही म्हटलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला बसवलं.

वेण्या घालायला सगळ्याजणी सुट्टी काढून येतात. सोडवायची सुट्टी कुणीच हिशोबात धरत नाही. ती आधी धरा.